स्वेटर नावाचा बिघाड

दातार काकांनी आयुष्यात कुणालाही माफ केलं नाही. आमच्या अमेरिकेतल्या एडिसनच्या कॉम्प्लेक्समध्ये सगळे त्यांना पाठीमागे डूख काका म्हणत. त्यांना ते माहीत होतं आणि, खरं सांगू, आवडतही होतं. "माफ करायला मी काय देव आहे?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सत्तरी ओलांडलेला, बारीक चणीचा, पांढऱ्या मिशांचा माणूस. पण पुण्यातल्या कारखान्यात कोणे एके काळी साहेबाने भर मीटिंगमध्ये "तुम्ही बसा खाली" म्हटलेलं त्यांना वारासकट आठवायचं.

अपमान विसरला जाऊ नये म्हणून त्यांनी घरातल्या घरात एक सोय केली होती. जी वस्तू बिघडेल तिला अपमान करणाऱ्याचं नाव द्यायचं. मी शेजारच्या घरात नवीन राहायला आले आणि पहिल्यांदा चहाला गेले, तेव्हा काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, गोडबोले पुन्हा गळतोय." मला वाटलं, आत कुणी आजारी पाहुणा आहे. गोडबोले म्हणजे तो साहेब, आणि गळत होता तो बेसिनचा नळ. करकरणारं कपाट मेहुण्याच्या नावाचं होतं. काकू ही नावं सवयीने घेत आणि वर म्हणत, "सोडा हो आता, किती वर्षं झाली." काका सोडत नसत.

मी नागपूरची. आमचा राग फटकन येतो आणि चहा उकळेपर्यंत जातो. काकांना ही पद्धत मुळीच पसंत नव्हती. "मंजिरी, असा राग काय कामाचा? समोरच्याला कळायच्या आत संपतो." मी हसायचे. त्या जानेवारीनंतर हसणं बंद झालं.

त्यांचं घर गरम ठेवणारा बॉयलर तळघरात होता. जुना, पण ठणठणीत. वरच्या मजल्यावर भिंतीवर त्याचा एक छोटा डिस्प्ले होता. बॉयलर चालू आहे की नाही, पाण्याचं प्रेशर किती, सगळं त्यावर दिसे, आणि बंद पडला तर तिथूनच पुन्हा चालू करता येई. काकूंचे गुडघे गेलेले, तेव्हा जिना उतरायची गरज पडू नये म्हणूनच काकांनी तो घेतला होता. हा डिस्प्ले कंपनीच्या सर्व्हरवरून चालायचा. कंपनीने एक दिवस जुन्या मॉडेलची ती सेवा बंद केली. का, तर लोकांनी नवीन बॉयलर घ्यावेत. डिस्प्ले आंधळा झाला. पंधरा दिवसांनी, काका ओक ट्री रोडवर भाजी आणायला गेलेले असताना बॉयलर बंद पडला. घर गारठलं. वर काहीच दिसेना म्हणून काकू जिना उतरायला निघाल्या आणि तिसऱ्या पायरीवरून घसरल्या. खुबा मोडला. काका मेथीची पिशवी घेऊन आले तेव्हा त्या तासभर तिथेच पडून होत्या.

ऑपरेशन झालं. काकू घरी आल्यावर काकांनी कंपनीला फोन लावला, स्पीकरवर. मी शेजारी बसले होते. काकांनी शांतपणे सगळं सांगितलं: जिना, खुबा, तासभर. म्हणाले, नवीन काही नको, तेवढा डिस्प्ले चालू करून द्या. पलीकडचा माणूस म्हणाला, ते मॉडेल आता सपोर्टेड नाही, नवीन घ्या. आणि वर म्हणाला, "तोपर्यंत मिसेसना स्वेटर घालायला सांगा." मागे कुणीतरी हसलं. काकांनी त्याला नाव विचारलं. केविन. स्पेलिंग विचारलं, आभार मानले आणि फोन ठेवला. माझी कानशिलं तापली होती. काकूंनी नेहमीचं म्हटलं, "सोडा हो." आणि मी मूर्खासारखी म्हणाले, "जाऊ द्या ना काका, नवीन घेऊन टाका, यार."

दुसऱ्या दिवशीपासून ते कामाला लागले. कारखान्यात त्यांचं सारं आयुष्य मीटर आणि गेज यांच्यात गेलेलं. बॉयलर आपल्या स्वतःच्या पॅनेलशी दोन तारांवरून काहीतरी बोलत असतो. तो काय बोलतो हे त्यांनी तळघरात खुर्ची टाकून, अंगावर दोन शाली घेऊन, सहा आठवडे लिहून काढलं. पहिला सर्किट बोर्ड त्यांनी जाळला. दुसऱ्याने बॉयलरच बंद पाडला. शनिवार-रविवारी मी त्यांच्या डायनिंग टेबलावर बसून कोड लिहायचे, आणि ते मागे उभे राहून माझ्या चुका काढायचे. "सूड घ्यायचा तर नीट मॅन्युअल लिहून घ्यावा," असं म्हणायचे. मार्चमध्ये काकूंच्या पलंगाशेजारी छोटा पडदा उजळला. सुरू होताना अर्धा मिनिट त्यावर इंग्रजीत 'मंजिरी' असं दिसे. मला आधी फार भरून आलं. मग कळलं, पडदा सुरू व्हायला लागणाऱ्या त्या उशिराला माझं नाव दिलं होतं. 'जाऊ द्या' म्हटल्याची शिक्षा होती. आणि बॉयलर बंद पडला की पडदाभर मोठ्या अक्षरांत यायचं: 'स्वेटर'.

हे सगळं काकांनी इंटरनेटवर फुकट टाकलं. कोड, तारांचं चित्र, कुठला स्क्रू आधी काढायचा तेसुद्धा. ओपन सोर्स म्हणजे काय ते त्यांना माझ्याकडून कळलं होतं, पण त्यातला डंख त्यांनी स्वतः ओळखला. जितकी माणसं हा डिस्प्ले लावतील तितके जुने बॉयलर जागेवर राहतील आणि तितके नवीन खपणार नाहीत. मिनेसोटाहून, मेनहून लोकांचे मेल यायचे. काका ते काकूंना वाचून दाखवायचे, आणि शेवटी म्हणायचे, "आणखी एक गेला त्यांच्या हातून." त्यांना इतकं आनंदी मी कधी पाहिलं नव्हतं. मीही होते.

तीन हिवाळ्यांनी एक मेल आला, त्यात लिहिलेलं: मी पूर्वी त्याच कंपनीत फोनवर काम करायचो, त्यांनी मला काढलं. आईच्या घरी तोच बॉयलर आहे, तुमचा डिस्प्ले लावलाय. आज घर गार पडलंय आणि पडद्यावर 'स्वेटर' असं येतंय, याचा अर्थ काय? खाली नाव: केविन. स्पेलिंग तेच.

काकांनी मेल पुन्हा वाचला. मग म्हणाले, "त्याला आठवतही नाही." मी म्हटलं, उत्तरच देऊ नका, बसू दे गारठत. हो, मी म्हटलं. काकू म्हणाल्या, "आई आहे हो ती कुणाची तरी." काकांनी मेलमधला नंबर लावला. पुन्हा स्पीकरवर. पाण्याचं प्रेशर उतरलंय, डावीकडचा व्हॉल्व्ह हळू उघडा, काटा इथवर येऊ द्या, आता बटण दाबा. आवाज कुठेही चढला नाही. पलीकडे बॉयलर धडधडल्याचं ऐकू आलं. केविन आभार मानायला लागला. काका म्हणाले, "खोली तापायला वेळ लागेल. तोपर्यंत आईंना स्वेटर घालायला सांगा."

त्याचे आभार अर्ध्यावरच तुटले. मग तो हळूच "सर," एवढंच म्हणाला. काकांनी फोन ठेवला आणि त्या दिवशी दोनदा शिरा मागून खाल्ला.

काका जाऊन दोन वर्षं झाली. हार्ट. काकू अर्व्हिंगला मुलाकडे गेल्या. डिस्प्लेचा कोड आता मी सांभाळते. त्यात बदल कुणीही सुचवू शकतो, पण तो आत घ्यायचा की नाही हे मी ठरवते. परवा कुणीतरी अगदी सभ्यपणे सुचवलं, 'स्वेटर' या शब्दाने लोक गोंधळतात, तिथे 'बॉयलर बंद' असं लिहावं. म्हणणं रास्त होतं. काका असते तर विचारायचीही सोय नसती. मी काकूंना फोन केला. म्हटलं, तुम्ही नेहमी सोडा म्हणायच्या, तर काढून टाकू का?

"हात लावू नकोस," काकू म्हणाल्या.

मी की-बोर्डवरून हात काढला.

"पडले तेव्हा माझ्या अंगावर स्वेटरच होता गं. मीच विणलेला. हॉस्पिटलात कात्रीने कापून काढला त्यांनी."

मी ती सूचना नामंजूर केली. कारण लिहायला तिथे एक चौकोन असतो. तो मी रिकामा ठेवला.