दोरीचं पुढचं टोक

गल्लीत तिला सगळे दोरीमावशी म्हणतात. पोरं म्हणतात ते ठीक, पण कोपऱ्यावरचा औषधवाला, तिच्याहून चांगला मोठा बाप्या, तोही मावशीच म्हणतो. तिचं खरं नाव आता फक्त नवरा घेतो, तेही रागावला तरच.

सुरुवात साधीच होती. शाळेच्या फाटकापुढे रोज सकाळी गाड्यांची झुंबड उडायची आणि पोरं धुरात खोकत वर्गात जायची. म्हणून ही आपल्या मुलीला चालत न्यायला लागली. शेजारीण म्हणाली, "जाताच आहात तर आमचीही न्या ना." मग तिची शेजारीण म्हणाली. हिचा स्वभाव भिडस्त, त्यामुळे 'नाही' म्हणायचं हिच्या जिवावर यायचं. पोरं पांगू नयेत म्हणून हिने एका जाड दोरीला कापडाच्या कड्या शिवल्या. प्रत्येकाने एक कडी धरायची आणि पुढचं टोक हिच्या हातात.

एकदा कुणाच्या तरी काकाने गंमत म्हणून टोक हातात घेतलं आणि सिग्नल न बघता पोरांना रस्त्यात ओढलं. हिचा जीव नुसता वरखाली झाला. त्या दिवसापासून तिने नियम घातला आणि रोज घोकून घेतला: "टोक मावशीच्या हातात नसेल तर पाऊल उचलायचं नाही. आई सांगो, बाप सांगो, जागचं हलायचं नाही."

पुढे घरोघरची पोरं दोरीला आली, फाटकापुढच्या गाड्या गेल्या, शाळेची व्हॅनही बंद झाली. मुख्याध्यापकांनी हिचा फोटो दारातच लावला आणि हिला हरभऱ्याच्या झाडावर चढवून ठेवलं. हिची स्वतःची मुलगी तोवर मोठी झाली, सायकलवरून भुर्रकन पुढे जायला लागली, आईकडे न बघता. दोरी मात्र सुटली नाही. ताप असो, पाहुणे असोत, दारात पोरं उभी. फोटोतल्या बाईला कंटाळा येऊ शकतो हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं. रागावणार तरी कुणावर? सगळे किती गोड बोलायचे!

लग्नाआधी ती कपडे शिवण्याच्या कारखान्यात कटिंग करायची. कापडावर कात्री सरसर चालली की आपण कुणीतरी आहोत असं तिला वाटायचं. तिथल्या मास्तरांनी आता पुन्हा बोलावलं, पण कारखाना उघडायचा तो नेमका शाळेच्या वेळेला. तिने पहिल्यांदाच मनाचा हिय्या केला. औषधवाल्याची धाकटी, चिमणी, दोरीच्या शेवटच्या कडीला असायची. त्याला तिने टोक धरायला तयार केलं. सगळ्या आयांना सांगितलं. पोरांना मात्र सांगितलं नाही, रडतील म्हणून.

सोमवारी ती गल्लीच्या कोपऱ्यासमोरच्या माडीवर, कारखान्यात, कटिंगच्या टेबलापाशी उभी राहिली. हाताला खडूचा ओळखीचा वास आला. तिने कात्री लावली, कापड अर्धं कापलं आणि सहज खिडकीबाहेर बघितलं.

खाली कोपऱ्यावर दोरी उभी होती. एकही पोर हलत नव्हतं. औषधवाला आधी ओढत होता, मग हात जोडत होता. रांग मात्र अगदी सरळ, तिने शिकवली होती तशी. शाळेची घंटा झाली तरी कुणी कडी सोडली नाही.

मास्तर मागून म्हणाले, "बाई, आत्ता खाली गेलात तर मला दुसरी बघावी लागेल. माल आजच जायचाय."

"हो मास्तर," ती म्हणाली, आणि कात्री टेबलावर ठेवून जिना उतरली. पोरांना भर रस्त्यात उभं ठेवून कापड कसं कापणार?

"मावशी, अहो माझं स्वतःचं पोर माझं ऐकेना!" औषधवाल्याला घाम फुटला होता.

ती पोरांपुढे वाकली. सांगायचंच होतं. बाळांनो, उद्यापासून मी नाही, आता हेच तुमचे मावशी. शब्द अगदी ओठांवर होते. तेवढ्यात मागून चिमणी ओरडली, "मावशी, आम्ही कुणीच हललो नाही! बाबांनी चॉकलेट देतो म्हटलं, तरी नाही!"

सगळी तोंडं फुलून तिच्याकडे बघत होती. इतका वेळ उन्हात उभं राहून त्यांना एकच गोष्ट हवी होती, आणि ती द्यायला हिच्याशिवाय कुणी नव्हतं. हिला ओरडावंसं वाटलं, कुणाच्या तरी दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटलं, आणि ते कुणीतरी म्हणजे ती स्वतःच होती.

"शाब्बास," ती म्हणाली. "असंच करायचं."

औषधवाल्याने सुटकेचा श्वास टाकत टोक तिच्या हातात दिलं. पोरं लगेच चालू लागली.