इस्माईलभाईंचे तीन दगड

"बाई, सतरा नंबरला दगड ठेवलेत. पिल्लं निघाली की उचला, विसरू नका." हॉस्पिटलच्या खाटेवर उशीला टेकून बसलेले इस्माईलभाई मला बजावत होते आणि शेजारच्या खाटेवरचा पेशंट मान वळवून आमच्याकडे बघत होता. नाकात नळी, हाताला सलाइन, आणि काळजी कशाची, तर शहराबाहेरच्या माळावर अंडी उबवत बसलेल्या टिटवीची! मी म्हटलं, "तुम्हीच उचला. रविवारी सोडतीलच की तुम्हाला." तर मिशीतल्या मिशीत हसले. "बाई, तुमचा हुकूम शाळेत चालतो. हितं न्हाई." शनिवारी दुपारी त्यांच्या मुलीचा फोन आला. सहा आठवडे झाले त्याला. तरी रविवारी सकाळी चहा घेताना माझे कान अजून टेम्पोच्या हॉर्नकडे लागलेले असतात...

इस्माईलभाई म्हणजे भवानी पेठेतल्या मागांवरच्या सोलापुरी चादरींचे गठ्ठे टेम्पोतून स्टेशनवर पोचवणारा माणूस. आणि मी एका शाळेची मुख्याध्यापिका, आता निवृत्त. माझी चूक मला तोंडावर सांगणारं माणूस तोवर शाळेत तरी कोणी भेटलं नव्हतं. बारा वर्षांपूर्वी मी वृक्षारोपणाचा घाट घातला. जवळच्या गावानं सांगितलं, "बाई, तो माळ पडीकच हाय. लावा काय लावायचं ते." मग काय विचारता! वर्गवार मुलं नेली, साठ खड्डे खणून घेतले, प्रत्येक खड्ड्याला खुंटी ठोकून नंबर दिला. नंबर दिल्याशिवाय मला कोणतंच काम झाल्यासारखं वाटत नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी पाहुणे अकराला यायचे होते. दहाला रोपांचा टेम्पो आला. ड्रायव्हर उतरला, माळावर नजर फिरवली, चार-दोन खड्ड्यांपाशी वाकून बघून आला आणि मला म्हणाला, "बाई, हितं झाडं नका लावू." मी म्हटलं, "तुम्ही रोपं उतरवा. तुम्हाला विचारलंय कोणी?" तो बरं म्हणाला, टेम्पोत बसला, किल्ली फिरवली आणि रोपांसकट निघून गेला! आमचे शिपाई रस्त्यापर्यंत मागे धावले. पाहुणे आले. फ्लेक्स होता, हार होते, नवं कोरं फावडं होतं; रोप मात्र औषधालासुद्धा नव्हतं. शेवटी पाहुण्यांनी रिकाम्या खड्ड्यात झारीनं पाणी घातलं आणि मुलांनी जोरात टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी पत्ता शोधत मी भवानी पेठेत पोचले. तोंडपाठ केलेलं भांडण माझ्या ओठांवर तयार होतं. बघते तर गल्लीत भिंतीच्या सावलीला माझी साठ रोपं शिस्तीत उभी आणि रझियाभाभी, म्हणजे इस्माईलभाईंच्या पत्नी, त्यांच्यावर पाणी शिंपडतायत. मी गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "चोर आहात तुम्ही!" इस्माईलभाई स्टूल पुढे करत म्हणाले, "हौ बाई, चोर तर चोर. आधी चाय घ्या." मग हळूच म्हणाले, "उद्या सकाळी दहा मिनिटं माळावर नुसतं बसा. न्हाई पटलं, तर साठच्या साठ झाडं मी माझ्या हातानं लावून देतो."

गेले मी. इरकल नेसून गेले, कारण भांडण अजून संपलं नव्हतं. त्यांनी टेम्पो रस्त्याखालच्या मोरीपाशीच थांबवला, तिथून पुढे चालत नेलं आणि एक जुनी सोलापुरी चादर अंथरली. बसल्या बसल्या एक टिटवी डोक्यावर घिरट्या घालत आम्हाला शिव्या द्यायला लागली. इस्माईलभाई तिला सलाम करून म्हणाले, "गप बस बेटी, बाई शाळेतल्या हायत." थोड्या वेळानं ती गप्प झाली, तुरुतुरु चालत आली आणि माझ्या अकरा नंबरच्या खड्ड्यापासून दोन पावलांवर उघड्या जमिनीवर बसली. तिच्या पोटाखाली चार अंडी होती, मातीच्याच रंगाची. आमची पन्नास मुलं तिथनं फावडी घेऊन नाचून गेली होती आणि कोणालाही ती दिसली नव्हती. मलासुद्धा.

मग त्यांनी मला माळ दाखवला. गवताच्या बुडख्यात चंडोलाचं वाटीएवढं घरटं, काळविटांच्या खुरांचे ठसे, लांडग्याची वाट. "आता सांगा बाई, हे रिकामं हाय? हितं झाडं आली की त्याच्यावर कावळा बसतो, घार बसते. वरनं अंडी दिसतात त्यांना. सावलीत हे गवत मरतं. गवत गेलं की काळवीट गेलं, मेंढरं गेली." लहानपणी त्यांनी याच भागात माळढोक पाहिला होता. "एवढा मोठ्ठा, कमरेला लागंल असा. ऐटीत चालायचा. आता दिसत न्हाई. त्याला काय समद्यांनी बंदुकीनं मारलं न्हाई, बाई. त्याची जागाच आपण वापरून टाकली." एरवी हसऱ्या माणसाचा आवाज तेवढा एकदा बसलेला मी ऐकला. मला भयंकर लाज वाटली. आयुष्यभर मुलांना निसर्ग शिकवला आणि निसर्ग म्हणजे झाड, एवढंच मला ठाऊक होतं!

तीन दगड मी त्याच दिवशी पहिल्यांदा पाहिले. इस्माईलभाईंचे वडील शेळ्यांचे व्यापारी. या बाजारातून त्या बाजाराला कळप चालवत न्यायचे. वाटेत अंडी दिसली की त्यांच्याभोवती एकेक ढांग सोडून तीन दगड मांडायचे. मागनं येणारा मेंढका ते ओळखायचा आणि कळप वळवायचा. आणि पिल्लं निघून गेली की दगड उचलायचेच. का, असं मी विचारलं. "खोटा दगड पडून राहिला तर मेंढका एकदा वळंल, दोनदा वळंल. तिसऱ्यांदा खऱ्या दगडावरनं मेंढरं घालंल की!"

टिटवीची पिल्लं निघून गेल्यावर आम्ही मुलांना घेऊन खड्डे बुजवले. खड्डे बुजवायला सहल काढणारी शाळा महाराष्ट्रात आमची एकटीच असेल. रोपं शाळेच्या आवारात, कब्रस्तानात आणि इस्माईलभाईंच्या गल्लीत लागली. आज त्या गल्लीत मे महिन्यात कडुलिंबाखाली बसून बायका सुखानं भाजी निवडतात. आणि माळावर गंमत झाली. बुजवलेल्या खड्ड्यांवर मुरूम वर आला, गवत धरेना, तर ती गोल उघडी जागा टिटव्यांना पसंत पडली! खुंट्या कधीच गेल्या, पण नंबर इस्माईलभाईंच्या तोंडी बसले. "बाई, नऊ नंबरला पाळणा हाय, चला." असे बारा उन्हाळे, दर रविवारी. मी सूचना करायला लागले की म्हणायचे, "तुमची आणि टिटवीची जात एकच. आपण वरडलो न्हाई तर दुनिया चालणार न्हाई, असं वाटतं दोघींना."

ते गेल्यावर तिसऱ्या रविवारी मी रिक्षानं माळावर गेले. सतरा नंबरला अंडी नव्हती. लांब गवतात कापसाच्या बोळ्यांसारखी चार पिल्लं आईमागं पळत होती. तीन दगड तेवढे जागेवर होते, त्यांच्या हातानं ठेवलेले. मी खाली बसले आणि ढसाढसा रडले. उचलवेनात ते दगड. वाटलं, राहू देत की, कोणाचं काय जातंय... मग त्यांचा आवाज आठवला, नाक पुसलं आणि एकेक करून पिशवीत टाकले. घरी खिडकीत ठेवले.

परवा पुन्हा गेले. रझियाभाभींनी ती जुनी चादर मला दिली आहे, ती घेऊन गेले. चोवीस नंबरपाशी टिटवीनं माझा यथेच्छ उद्धार केला. मी सलाम केला. चार अंडी होती. एकेक ढांग मोजून मी तिन्ही दगड मांडले आणि मोरीपाशी येऊन चादर अंथरून बसले. तेवढ्यात टेकाडावरनं बिरप्पाची मेंढरं उतरली. दरवर्षी हिवाळ्यानंतर चाऱ्यामागं लांब जाणारा हा मेंढका आत्ता कुठं परतत होता. इकडचं त्याला काही ठाऊक नव्हतं. दगड बघून त्यानं शीळ घातली, कळप लांबून वळवला आणि मोरीकडे तोंड करून मोठ्यानं हाक मारली, "राम राम, इस्माईलभाई!"