चाचणीचा रोल

गिऱ्हाइकाचा कॅमेरा दुरुस्त करून झाला की मास्तर आत हाक मारायचे. मग त्यांची बायको ओले हात पुसत यायची, खिडकीजवळच्या स्टुलावर बसायची आणि पेपर उघडून धरायची. छापील अक्षरांवरून लेन्सची धार चटकन कळते, म्हणून पेपर.

"अहो, पेपरचाच फोटो हवा तर तो खिळ्याला टांगा की. मला कशाला बसवता?"

"खिळा गप्पा मारत नाही," मास्तर म्हणायचे. मग निगेटिव्हवर भिंग फिरवायचे, अक्षरं तपासायचे आणि निगेटिव्ह केरात टाकायचे.

ती गेली. पाहुणे पांगल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, भिंतीवर लावायला आईचा अलीकडचा फोटो द्या ना. लग्नातल्या फोटोतली ती मुलगी माझ्या ओळखीची नाही."

मास्तरांनी कपाटं उपसली. जन्मभर तिचे फोटो काढले होते आणि त्यातला एकही घरात नव्हता. मग त्यांना फळीवरचा तो जुना कॅमेरा आठवला. ती अंथरुणाला खिळायच्या आधी त्यांनी त्यावर तिचा फोटो घेतला होता आणि लगेच रोल पुढे सरकवायची चावी अडकली होती. रोल अजून आतच होता.

जोर लावला असता तर फिल्म फाटली असती. मास्तरांनी वाळून घट्ट झालेलं ग्रीस काडीनं खरवडलं. झिजलेलं चाक काढून भंगारातल्या कॅमेऱ्याचं बसवलं. कधी नव्हे ते स्क्रू हातातून निसटत होते. शेवटी चावी फिरली. मोरीत अंधार करून त्यांनी रोल धुतला. मुलगी दाराला टेकून बसली होती.

"बाबा, आला का?"

"आलाय."

खिडकीच्या उजेडात त्यांनी निगेटिव्ह धरलं. सवयीनं भिंग आधी अक्षरांवर गेलं. अक्षर न् अक्षर स्वच्छ होतं. मग त्यांनी भिंग वर सरकवलं. वर थोडे केस होते आणि दोन्ही बाजूंना पेपर धरलेली बोटं. बाकी सगळा पेपरच.

मुलीनं भिंग मागून घेतलं. बराच वेळ पाहत राहिली. "हा आईचाच अंगठा," ती म्हणाली, "सुरीचा वण आहे बघा."

मास्तर रिकाम्या स्टुलाकडे बघत होते.

"ती बिचारी खालीच धरायची गं," ते म्हणाले. "मीच म्हणायचो, वर घे. अजून वर घे."