आत्याला नरसापूरला नेलं

आई गेली तेव्हा मी कॉलेजच्या ग्रंथालयात होते. बाबांचा फोन आला. मी घरी पोचले तेव्हा तिला खाली घेतलं होतं. संध्याकाळी लातूरहून आत्या आली, आईच्या उशाशी बसली आणि रडू लागली. ती रडत असताना मी ठरवलं की हिला सोडायचं नाही.

कारण बाहेरच्या माणसाला क्षुल्लक वाटेल. आईला एका सहलीला जायचं होतं आणि आत्याने तिला जाऊ दिलं नाही.

आई क्रोशाचं विणकाम करायची. मी ग्रंथालयातून तिच्यासाठी पुस्तकं आणायचे. त्यातल्या एकात तिला नरसापूर सापडलं. आंध्रात, समुद्राजवळचं गाव. मिशनरी बायकांनी तिथल्या बायांना लेस विणायला शिकवली आणि आजही तिथे बाया दारात बसून तेच काम करतात. तिथून पुढे मच्छलीपट्टणम. डच, इंग्रज, फ्रेंच, सगळ्यांनी तिथे वखारी घातल्या होत्या, कलमकारीच्या कापडासाठी जहाजं यायची. डचांच्या कबरी अजून आहेत. "आणि नांदेडहून सरळ गाडी आहे," आई प्रत्येक वेळी शेवटी सांगायची, म्हणजे मग कुणाला काही अडचण उरू नये.

अडचण लातूरला होती. आजी लवकर गेली, बाबांना आत्याने वाढवलं. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत कुठे जायचं याची चर्चा आमच्या स्वयंपाकघरात व्हायची, पण पक्कं व्हायचं ते तिच्याशी बोलल्यावर.

"आक्का, यंदा नरसापूरचा विचार हाय," बाबा फोनवर म्हणायचे.

"तिथं देव कोणता हाय?"

बाबा आईकडे बघायचे. आईने तेही शोधून ठेवलेलं असायचं. "सांगा, नदीपलीकडे नरसिंह आहे."

"नरसिंह आपल्याकडं काय कमी हाय? आन् दोऱ्याच्या जाळ्या बघायला कोण गाडीत बसतं? वहिनी घरी इनूनच राहिली की. तेवढं बास न्हाई का?"

आई हसायची. मग आम्ही तिरुपतीला जायचो, गाणगापूरला जायचो. आत्या सोबत असायचीच, आणि तिला बाहेरचं अन्न चालत नाही म्हणून आई आदल्या दिवशी दशम्या करत बसायची.

दोऱ्याच्या जाळ्या आत्याला तशा चालत होत्या. तिच्या मुलीच्या लग्नात रुखवतावर आईचं विणकाम मांडलं होतं. टेबलावरचा रुमाल, तोरण, उशांच्या झालरी. वर्षभर विणत होती आई. मांडवात कुणीतरी विचारलं तेव्हा आत्या म्हणाली, "हैदराबादहून मागवलं." आई शेजारीच उभी होती. तेव्हाही ती हसली. मला ते हसू आजही सहन होत नाही.

गेल्या वर्षी तिकिटं काढून झाली होती. आईने बॅग काढून उन्हात टाकली होती. मग आत्याच्या नातवाचं जावळ तुळजापूरला ठरलं. "लेकीच्या मामा-मामीशिवाय कसं व्हायचं?" तिने विचारलं. तिकिटं आईनेच रद्द करायला लावली. "पुढच्या वर्षी जाऊ," ती मला म्हणाली. तुळजापूरहून आल्यावर महिन्याभरात ती गेली.

थोड्या अस्थी आम्ही नांदेडच्या घाटावर सोडल्या. उरलेल्या लाल कापडात बांधून अंगणातल्या लिंबाला टांगल्या होत्या. तेराव्याला जेवणं झाल्यावर आत्या म्हणाली, "बाकीच्या गाणगापूरला संगमात सोडू. मी सांगून ठेवते तिथं."

मी म्हणाले, "आईला नरसापूरला सोडायचं होतं. गंगा समुद्राला मिळते तिथे. तिने मला सांगितलं होतं. आणि म्हणाली होती, आत्याने सोबत आलं पाहिजे."

आईने असं काहीही सांगितलं नव्हतं. मरणाविषयी ती बोलायचीच नाही.

गुरुजी म्हणाले, "गंगाच ती. इथली काय अन् तिथली काय." आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात.

"माझे गुडघे..." आत्या म्हणाली.

"आक्का, मेलेल्या माणसाचा शब्द हाय," शेजारच्या काकू म्हणाल्या. त्यापुढे कुणालाच काही बोलता येत नाही, आणि हे मला माहीत होतं.

त्या सहलीची आखणी मी मन लावून केली. आईने ठरवलेल्या क्रमानेच सगळं ठेवलं. आधी लेसच्या गल्ल्या, मग मच्छलीपट्टणमची कापडं, मग कबरी आणि शेवटी परत नरसापूरला येऊन नदीचं मुख. आत्याने हे सगळं पायी फिरावं, आईला काय नाकारलं ते तिला एकेक करून बघायला लागावं, एवढीच माझी इच्छा होती. तिच्यासाठी खालचा बर्थ मी मुद्दाम मागितला नाही. बाबांनी स्वतःचा दिला. दशम्याही केल्या नाहीत.

नरसापूरच्या गल्लीत खरंच बाया उंबऱ्यावर बसून विणत होत्या. हात चालू आणि गप्पाही चालू. मी आत्याकडे वळून म्हणाले, "ह्याच त्या दोऱ्याच्या जाळ्या."

तिला बहुधा ऐकूच आलं नाही. ती एका बाईशेजारी उंबऱ्यावर बसली होती आणि तेलुगूत बोलत होती. तिचं आणि बाबांचं लहानपण तेलंगणाच्या सीमेवरच्या देगलूरकडचं, हे मी पार विसरले होते. बाबा नोकरीत तेलुगू विसरले, ही विसरली नव्हती. बाया तिला काहीतरी विचारत होत्या, ती हसत होती, एकीने तिला ताक आणून दिलं. मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. उठताना तिने घासाघीस करून एक पांढरा रुमाल घेतला. "टीव्हीवर टाकते," मला म्हणाली. "तुझ्या आईचा हात याहून साफ होता, पण."

हे तिने आईसमोर एकदाही म्हटलं नव्हतं. मला ते ऐकून बरं वाटलं नाही. जास्तच राग आला.

मच्छलीपट्टणमला डचांच्या कबरींमध्ये ती सावली बघून बसली आणि चिवडा खाल्ला. मी एकटीच दगडांवरची अक्षरं वाचत फिरले.

नदीच्या मुखाशी नावाड्याने नाव थांबवली. बाबांनी गाठ सोडली. आत्याने हात जोडले आणि ती रडायला लागली. "वहिनी," ती पाण्याकडे बघत म्हणाली, "मी तुला येऊ दिलं न्हाई, आन् तू मला घेऊन आलीस."

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. आईने तुझं नावही घेतलं नव्हतं. एवढंच म्हणायचं होतं. याच्यासाठीच मी तिला इतक्या लांब आणलं होतं, हे मला त्या क्षणी समजलं. मी तोंड उघडलं तेव्हा बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांना माहीत होतं. केव्हापासून, ते मी अजून विचारलेलं नाही.

"राहू दे, बाळा," ते हळूच म्हणाले.

मी गप्प बसले. त्यांच्यासाठी, तिच्यासाठी नाही.

आता लातूरला आत्या येईल-जाईल त्याला सांगते, "वहिनीनं शेवटी माझंच नाव घेतलं." लोक डोळे पुसतात. परवा एका लग्नात तिने हे माझ्यासमोर सांगितलं आणि दुजोऱ्यासाठी माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे बघत राहिले.

मी तिला माफ केलेलं नाही. खरं काय ते मी तिला सांगणार आहे, पण बाबा आहेत तोवर नाही. घरात आता आम्ही दोघंच आहोत.