दार्दोने न केलेली सही

उरुग्वेएवढ्या चिमुकल्या देशाने एका वेळी काय काय घ्यावं? समुद्रात मासे चोरणारे परके ट्रॉलर शिरले, तेव्हा पहिला नंबर गस्तीच्या बोटींचा लागला. मग पूर आले, हेलिकॉप्टरं घेतली. मग रडार. लढाऊ विमानांचं मात्र "पुढच्या वर्षी नक्की" असं वीस वर्षं चाललं होतं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, दुसरं काय!

तोवर जुनी विमानं जगवायचा भार दुराझ्नोच्या हवाई तळावरचा मुख्य मिस्त्री दार्दो ओलिवेरा याच्या माथी. एकाचं चाक काढून दुसऱ्याला, दुसऱ्याचा पंप तिसऱ्याला, असं करता करता आठांतलं एक उरलं. ते उडवायची त्याचीच लेक, नोएलिया.

संकटात वैमानिकाला बाहेर फेकणारी खुर्ची असते, तिच्याखालच्या काडतुसांची मुदत संपली. नवी काही मिळेनात. आणि उड्डाणाच्या कागदावर सही लागायची दार्दोची.

"बाबा, कर की सही. हे विमान बसलं की माझं उडणं संपलं. नवी येईपर्यंत माझं वय निघून जाईल."

"वय गेलं तर गेलं. तू राहशील."

"पण मुदत म्हणजे काय ब्रह्मवाक्य आहे का?"

"आणि काडतूस पेटलंच नाही तर? तुझ्या आईला काय तोंड दाखवू मी?"

त्याने सही केली नाही. विमान बसलं. नोएलिया नोकरी सोडून मोंतेविदेओत विम्याच्या कचेरीत लागली. दर रविवारी यायची आणि बापाशी हवापाण्याच्या गप्पा मारायची. अबोला परवडला असता त्यापेक्षा.

नऊ वर्षांनी नवी विमानं आली. बैल गेला आणि झोपा केला! जुनं मोडीत काढताना निवृत्त दार्दोला मुद्दाम बोलावलं. ती मुदत संपलेली काडतुसं माळावर नेऊन उडवायची होती. एकूण एक पेटली, पहिल्याच झटक्यात. दार्दो तिथेच गवतात बसला आणि सगळ्यांदेखत रडला.

रविवारी लेक आली. 'माते' म्हणजे आमचा कडवट पाल्याचा चहा, पोकळ भोपळ्यातून प्यायचा; त्याने तो भोपळा गरम पाण्याने भरून तिच्या हाती दिला. गप्प राहता आलं असतं त्याला.

"सगळी पेटली, पोरी. तुला काही झालं नसतं."

तिने नळीने सावकाश पिऊन भोपळा रिकामा केला. आमच्याकडे तो मुकाट्याने परत दिला, की पुन्हा भरून मिळतो. पुरे झालं असेल तरच आभार मानायचे. या दोघांचे एरवी पाच-सहा सहज व्हायचे.

"आभारी आहे, बाबा," ती म्हणाली, आणि तिने पर्स उचलली.