आमचा दिवा कुठे ठेवायचा?

असले किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. रानातून आल्यावर पायजम्याला कुसळं चिकटलेली दिसतात, तसे ते चिकटतात! मी अलिबागकडचा बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारा ज्यू. नव्वदच्या दशकात नोकरीसाठी बंगलोरला गेलो आणि दोन वर्षांत पुरता कुसळलो.

*

पहिल्याच दिवशी ऑफिसातले राव भेटले. ॲडमिन बघायचे, घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगलोरचं मराठी.

"तुम्ही क्रिश्चन काय?"

"नाही."

"मुसलमान?"

"नाही, ज्यू."

"सरी, सरी, ठीक आहे. व्हेज की नॉनव्हेज तेवढं सांगा!"

*

हनुक्का हा आमचा डिसेंबरातला सण. आठ रात्री, रोज एक वाढवत दिवे लावायचे, तेही लोकांना दिसतील असे. वडील वारले आणि त्यांचा आठ वातींचा पितळी दिवा माझ्याकडे आला. तो चारचौघांत लागावा एवढीच माझी इच्छा होती. बनशंकरीच्या भाड्याच्या खोलीत खिडकी एकच, दक्षिणेची. तिथे ठेवला.

तिसऱ्या संध्याकाळी घरमालकीण अक्का पदर तोंडाला लावून आल्या. "कोण गेलं हो तुमच्यात?"

"कोणी नाही अक्का, सण आहे!"

"मग आत करा की अण्णा! गल्लीला वाटतंय, आमच्यातलंच कोणी गेलं!"

*

पुढच्या वर्षी दिवा इंदिरानगरच्या ऑफिसात नेला. रिसेप्शनवरच्या टेबलावर गणपती बसायचा, ईदचा चांदतारा लागायचा, नाताळचं झाडही. मॅनेजरसाहेब म्हणाले, "व्हाय नॉट! इथे फुल फ्रीडम आहे!"

संध्याकाळी बघतो तर दिवा झाडाखाली, कापसाच्या बर्फात पुरलेला.

राव म्हणाले, "स्वल्प ॲडजस्ट करा अण्णा. सीझन एकच की!"

*

दिवा उचलून बाजूला ठेवला, वात घातली, काडी ओढली. साहेब धावत आले. "नो, नो! फायर सेफ्टी!"

दसऱ्याला आयुधपूजेत याच टेबलापुढे इतका कापूर जळला होता, की पडद्याला भोक पडलं होतं. मी ते दाखवलं.

"ती पूजा होती हो," राव समजावत म्हणाले. "हे डेकोरेशन!"

आठही दिवस दिवा विझलेलाच बसला. मला वडलांपुढे लाज वाटली, आणि रागाने रडूही आलं. शेवटी घरी नेऊन कपाटात ठेवला.

*

जुलैत साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "तुमचा तो दिवा उद्या आणाच!" अमेरिकेहून मोठा क्लायंट येणार होता, आणि तो ज्यू आहे अशी बातमी लागली होती.

मी आणला. म्हटलं, जुलै तर जुलै, एकदा लोकांसमोर लागू दे!

रावांनी दिव्याला झेंडूची माळ घातली आणि सगळ्या वाती एकदम पेटवल्या. क्लायंट आत आला आणि थबकलाच. "हनुक्का? जुलैमध्ये?"

"आमच्याकडे ज्यू आहे, सर! रोज लावतो!" साहेबांनी मला पुढे ढकललं.

मी हात पुढे केला. "शालोम."

त्याने माझ्या सावळ्या तोंडाकडे नीट पाहिलं. हात मिळवला. मग साहेबांकडे वळून हसत विचारलं,

"व्हेरी नाइस! पण तुमचा खरा ज्यू कुठे आहे?"