मशीनने पास केलेला नंबर

"मॅडम, तुमचं मशीन चुकतं का कधी?" मॅनेजर शिंदेसाहेबांनी मला दारातच गाठलं.

पिंपळगावकडचं द्राक्षांचं पॅकहाऊस. दोन हजारनंतरचा एक सीझन. युरोपचा कंटेनर लागलेला, आणि मी बारकोड मशीनची सर्व्हिस इंजिनिअर. समोर हिराबाई बसल्या होत्या, दिंडोरीकडच्या बागायतदार. एक्स्पोर्टचं त्यांचं पहिलंच वर्ष. त्यांच्या क्रेटवर लेबल निघालं भलत्याच बागेचं, आणि ती बाग औषधाच्या अंशामुळे लॅबमध्ये नापास झालेली. साहेबांनी ठरवूनच टाकलं होतं, बाईंनी दुसऱ्याचा नापास माल आपल्या नावावर खपवायला आणला आणि गेटवर चुकून त्याच्याच बागेच्या नंबराचं कार्ड दाखवलं.

"म्या माझंच कार्ड दाखवलं, साहेब. लोकाचा माल कशाला आणू? एक्स्पोर्टच्या यादीतून नाव कापलं तर गावात तोंड कसं दाखवू?" मला साहेबांचा रागच आला.

बाईंच्या कार्डावरचा आणि लेबलवरचा, दोन्ही नंबर शेजारी ठेवले. तेरा आकडी. फरक एवढाच, बाईंच्या नंबरात मध्ये २७, लेबलवर ७२.

"टायपिंगची चूक आहे," मी म्हटलं.

"अहो, चुकीचा नंबर मशीन घेतच नाही ना?"

तेही खरं. अशा नंबरातला शेवटचा आकडा राखणदार असतो. एक आकडा तसाच घ्यायचा, पुढच्याची तिप्पट, परत एक तसाच, असं करत सगळ्यांची बेरीज करायची. ती दहाच्या पटीत आली तर नंबर पास. एक आकडा चुकला की मशीन ओरडतं. शेजारचे दोन उलटे पडले तरी बहुतेक वेळा पकडतं.

बहुतेक वेळा! मी कागद ओढला. दोन अधिक साताची तिप्पट, तेवीस. सात अधिक दोनाची तिप्पट, तेरा.

"आता बोला! बेरीज बरोबर दहाने घटली, म्हणजे दहाची पट ती दहाची पटच. दोन आकड्यांत पाचाचा फरक असला की हा राखणदार डाराडूर."

"पण उलटे पडतीलच कशाला?"

गेटवर नंबर टाइप करणाऱ्या सुनीताला बोलावलं. तिथे नंबर जोडीजोडीने पुकारायची पद्धत. मी पुकारलं, "सत्तावीस." 'सत्ता' ऐकताच तिचं बोट आधी सातावर गेलं. घाईत ती शब्द संपायची वाटच बघत नव्हती.

"अगं बाई!" ती स्वतःच दचकली.

"ही झाली शक्यता," साहेब काही हटेनात. "पुरावा?"

"मग त्या नापास बागवाल्याला फोन लावा की!"

त्यांनी लावला. पलीकडचा गडी इतका मोठ्याने बोलला की सगळ्यांनी ऐकलं. "माल कसला, साहेब? माझी द्राक्षं अजून वेलीवरच हायेत!"

साहेबांचा चेहरा उतरला. "चुकलं आमचं, हिराबाई. चहा घ्या."

"चहा राहू द्या. आधी माझ्या क्रेटवर माझा नंबर लावा."

नवी लेबलं मी स्वतः छापून काढली. हिराबाईंचा माल त्याच कंटेनरने गेला आणि युरोपात पासही झाला. गेटवर एकेक आकडा पुकारायला लागले.

तेव्हापासून प्रत्येक ट्रेनिंगमध्ये सांगते. नंबर पास झाला म्हणजे फक्त नंबर पास झाला. माणूस नापास करण्याआधी एक फोन करा.